भरवणारा हात

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांची नावे वर्तमानपत्रांत बहुधा दोन वेळा येतात. एप्रिल-मे महिन्यांत ती टँकरच्या निमित्ताने येतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये बालमृत्यूंच्या निमित्ताने. जिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण ज्या मोखाड्यात उभे आहे, तिथल्या बायका होळी सरली की हंडे घेऊन वणवण करतात, या गोष्टीचे आता कोणाला नवलही वाटत नाही. कुपोषणाचेही तसेच झाले आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा राज्य हादरले होते. मंत्र्यांच्या गाड्या घाट चढून आल्या, जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आले, योजनांची रीघ लागली. त्यानंतर २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, रस्ते पुष्कळ सुधारले, दवाखान्यात होणारी बाळंतपणे वाढली. तरीही श्रावणात पाड्यावर गेले की दंडाची कातडी लोंबणारी, पोट पुढे आलेली, रडण्याचाही कंटाळा आलेली दोन-चार मुले कुठल्या ना कुठल्या ओसरीवर दिसतातच.

राज्याचे आकडेही फारसे वेगळे बोलत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ३६.१ टक्के भरले. उंचीच्या मानाने कृश असलेल्या मुलांचे प्रमाण दोन्ही वेळी २५.६ टक्के होते, आणि त्यांतील अतिकृश मुले ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. हे सरासरीचे आकडे आहेत, त्यांत पुण्या-मुंबईची मुलेही आली. आदिवासी पाड्यांचे चित्र या सरासरीहून वाईट असते हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

नागली (नाचणी) आणि वरईच्या गावठी बियाण्यांच्या कामासाठी मी या भागात जात असते. काम बियाण्याचे असल्यामुळे माझा वावर शेतात आणि त्याहून अधिक चुलीपाशी असतो, कारण कोणती नागली भाकरीला चांगली आणि कोणती आंबिलीला, हे चुलीपाशी बसलेली बाईच सांगू शकते. या निमित्ताने घराघरांतील लहान मुलांचे जेवण जे दिसत गेले, त्यातून माझे एक मत तयार झाले आहे. कुपोषणाची दोन कारणे आपल्याकडे हमखास सांगितली जातात. एक म्हणजे घरात खायला नाही, आणि दुसरे म्हणजे या लोकांना कळत नाही. पहिल्यात बरेच तथ्य आहे, दुसऱ्यात फार थोडे. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरी उणीव आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सहा महिने ते तीन वर्षे या वयातील मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा, निवांतपणे, मांडीवर घेऊन भरवणारे माणूस त्या घरात दिवसा नसते.

आधी खाण्याचे बोलू. आषाढ लागतो तेव्हा बहुतेकांच्या घरातील कणगी तळाला गेलेली असते. जमीन उताराची आणि तुकड्यातुकड्यांची, कित्येकांकडे वनहक्काचा एखादा प्लॉट, तर कातकऱ्यांकडे बहुधा तोही नाही. गेल्या दिवाळीत आलेले भात आणि नागली जेमतेम होळीपर्यंत पुरते, पुढे रेशनचा तांदूळ आणि मजुरी. पाऊस सुरू झाला की जंगल मदतीला येते. शेवळी, करटुली, टाकळा, कुड्याची फुले, वाहत्या पाण्यात धुऊन कडूपणा काढलेला कडूकांदा, ओहोळातल्या चिंबोऱ्या, शेतात चढलेले मासे. शहरात अलीकडे रानभाज्यांचे महोत्सव भरतात आणि तिथे हौसेने येणाऱ्या मंडळींना वाटते की ज्यांच्या दारात इतके वैविध्य आहे त्यांची मुले खंगतात कशी. पण शेवळीची भाजी आणि उकडलेला कडूकांदा हे मोठ्यांचे अन्न आहे. दहा महिन्यांच्या मुलाला त्यांतले काहीही देता येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती पेज किंवा आंबील.

नागली हे उत्तम धान्य आहे. तिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, इतके दुसऱ्या कुठल्याही रोजच्या धान्यात नसते. अडचण धान्याची नाही, पाण्याची आहे. वाटीभर पातळ आंबिलीत पीठ पडते ते फार तर पंधरा ग्रॅम, म्हणजे त्या वाटीतून मिळतात पन्नासच्या आसपास किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एक ते दोन वर्षांच्या मुलाला अंगावरच्या दुधाखेरीज रोज साधारण ५५० किलोकॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात. ही गरज अशा आंबिलीवर भागवायची तर दहा-अकरा वाट्या लागतील, आणि त्या वयाच्या मुलाच्या पोटात एका वेळी वाटी-सव्वा वाटीपलीकडे काही मावत नाही. त्याच वाटीत चमचाभर तेल घातले तर ४५ किलोकॅलरींची भर पडते, म्हणजे वाटी जवळजवळ दुप्पट मोलाची होते. नागलीला मोड आणून ती वाळवून दळली तर पीठ घट्ट शिजवले तरी मुलाला गिळता येते. ही माहिती आजी-आज्यांना नवी नाही. खुरासणी (कारळे) पेरणाऱ्या घरात तेल वर्षभर पुरवून वापरण्याची रीत होती आणि मोडाच्या नागलीची पेज बाळंतिणीसाठी होत असे. आता खुरासणीचे क्षेत्र घटले आहे, आणि तेल दुकानातून छोट्या पिशवीत येते व कालवणाच्या फोडणीतच संपते.

आता भरवण्याचे. जुलैमधल्या एका दुपारी मी मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर पावसामुळे अडकून पडले होते. घरात एक सात-आठ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ. आई-बाप आवणीला, म्हणजे भाताची रोपे लावायला गेलेले, आजी बकऱ्या घेऊन बाहेर. पोर किरकिरू लागले तसे मुलीने त्याला मांडीवर आडवे घेतले, टोपातली सकाळची गार पेज वाडग्यात ओतली आणि चमच्याने त्याच्या तोंडात घालू लागली. त्याने चार-पाच घोट घेतले, एकदा ठसका लागला, मग मान फिरवली. तिने आणखी एकदा प्रयत्न केला, पोराने हाताने चमचा उडवला, तिच्या फ्रॉकवर पेज सांडली. मोठी बाई असती तर तिने त्याला उभे धरले असते, चिमणी-कावळा दाखवला असता, थोडे थांबून पुन्हा दिले असते. या मुलीने वाडगा तोंडाला लावला आणि उरलेली पेज स्वतः पिऊन टाकली. तीही सकाळपासून तेवढ्यावरच होती. त्यानंतर तिने कुडाच्या खाचेत खोचलेले पाच रुपयांच्या कुरकुरीत खाऊचे पाकीट काढले, एक नळी भावाच्या मुठीत दिली आणि तो ती चोखत गप्प झाला.

त्या पाच रुपयांच्या पाकिटाविषयी सभा-संमेलनांत पुष्कळ टीका होते. ती रास्तही आहे, कारण त्यात मीठ, तेल आणि मैद्याखेरीज फारसे काही नसते आणि पोर ते खाल्ल्यावर जेवत नाही. पण हे पाकीट पाड्यापाड्यांवर का पोहोचले याचे उत्तर केवळ जाहिरातीत शोधून चालणार नाही. ते शिजवावे लागत नाही, नासत नाही, आणि मुलाला स्वतःच्या हातात धरून खाता येते. भरवायला माणूस नसलेल्या घरासाठी ते सोयीचे अन्न आहे, आणि त्याच्याशी स्पर्धा करायची तर आपल्या पौष्टिक खिचडीला ती सोय कुठून आणायची हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

आई कुठे असते, हे सांगायला नकोच. पहाटे अंधारात ती उठते, पाणी आणते, भाकरी थापते, पोराला पाजते आणि उजाडता उजाडता शेतावर जाते. आवणीचे दिवस मोजके असतात. रोप खाचरात वेळेवर गेले नाही तर वर्षाचे भात हातचे जाते, आणि स्वतःची आवणी आटोपली की दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी चुकवून चालत नाही, कारण रोख पैसा हाती येण्याचे तेच दिवस असतात. ती परत येते तेव्हा दिवेलागण झालेली असते. पोर पुन्हा अंगावर पिते, रात्रभर पिते. या बायका दोन-अडीच वर्षे मुलांना पाजतात, आणि तेवढ्यामुळेच कित्येक मुले तगतात. जिला स्वतःला गर्भारपणी आणि बाळंतपणानंतर पोटभर मिळालेले नसते, जिचे रक्त कमी असते, जिचे पहिले मूल तिच्या एकोणिसाव्या वर्षी अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले असते, तिला एखाद्या प्रशिक्षणात 'माता बेफिकीर असतात' असे ऐकवले जाते तेव्हा मला ते ऐकून घेणे अवघड जाते. 'बाळाला दर तीन तासांनी खाऊ घाला' असा फलक जवळजवळ प्रत्येक अंगणवाडीत असतो. त्यावर चित्र आईचेच असते, बापाचे मी अजून पाहिलेले नाही. एका बाईने तो फलक वाचून दाखवायला सांगितला आणि ऐकून झाल्यावर एवढेच म्हणाली, "मी घरी बसू तर आवणी कोण करंल, बाय?"

अंगणवाडीची रचनाही या प्रश्नाला बगल देते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिने देशभर जे उभे केले ते लहान नाही. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात, गाणी म्हणतात, गरम आहार खातात आणि दुपारी घरी जातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र शिधा घरी दिला जातो. कुपोषण जडते ते नेमके याच वयात. मूल जन्मतः कमी वजनाचे असले तरी पहिले सहा महिने आईच्या दुधावर बऱ्यापैकी बाळसे धरते, आणि वरचे अन्न सुरू व्हायच्या वयात घसरते. त्यात पावसाळ्याची हगवण, ताप, खोकला. प्रत्येक दुखण्यात दोनशे-चारशे ग्रॅम वजन उतरते आणि ते भरून येण्याआधी पुढचे दुखणे येते. तीन वर्षांचे होऊन ते अंगणवाडीच्या दारात उभे राहते तेव्हा त्याच्या उंचीचे जे नुकसान व्हायचे ते बहुतांशी झालेले असते. घरी दिलेला शिधा त्याच्या नावाने येतो आणि घरातल्या सगळ्या मुलांच्या पोटात जातो, आणि जिथे पाच पोटे आहेत तिथे तसे होऊ नये अशी अपेक्षा धरणारा माणूस कधी पाच पोटांच्या घरात राहिलेला नसावा.

अंगणवाडी सेविका हे सगळे जाणून असतात, कारण त्या त्याच पाड्यांवर राहतात. काट्याला लटकवलेल्या झोळीत पोर घालायचे, ते पाय झाडत असताना काटा स्थिर होण्याची वाट पाहायची, मग दंडाला पट्टी गुंडाळायची. पट्टी लाल रंगात गेली, म्हणजे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, की मूल तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा रंग, मध्यम. या नोंदी वहीत आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवरही करायच्या. त्यासाठी रेंज असलेल्या टेकाडावर जाऊन उभे राहायचे. पावसात फोन पदराखाली धरून माहिती भरणारी सेविका मी पाहिली आहे, आणि त्या वेळात ती एखाद्या मुलाला भरवू शकली असती असा विचार तेव्हा मनात आल्याशिवाय राहिला नाही.

योजना आखणाऱ्यांना आईच्या पोटाचे महत्त्व पटलेले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गर्भवती आणि स्तनदा मातांना दुपारचे एक वेळचे चौरस जेवण मिळते, आणि पुढे लहान मुलांना अंडी-केळी देण्याची जोड तिला मिळाली. कल्पना मला फार चांगली वाटते. बाईने अंगणवाडीत येऊन तिथेच जेवावे ही तिच्यातली अटही समजण्यासारखी आहे, कारण डबा घरी नेला की त्याचे पाच वाटे होतात. पण आवणीच्या दिवसांत अंगणवाडी एका पाड्यावर, शेत ओहोळापलीकडे आणि ओहोळाला पाणी, अशा वेळी दुपारच्या जेवणासाठी कोण येणार? तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचे तर आईला तिथे साधारण दोन आठवडे राहावे लागते. तिची बुडीत मजुरी शासन देते, ही जाणतेपणाची तरतूद आहे. पण घरी राहिलेली दुसरी दोन मुले, म्हातारी सासू आणि अर्ध्यावर आलेली आवणी यांची भरपाई मजुरीने होत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी बाई पोराला काखोटीला मारून निघून येते आणि केसपेपरवर 'सल्ला न जुमानता गेले' अशी नोंद होते.

गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात फार पूर्वी शोधले गेले होते. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७ मध्ये त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असतात आणि मुलगे गुरांमागे असतात, हे त्यांनी पाहिले. मुले येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे चरतात त्या कुरणावर भरवायची, असे त्यांनी ठरवले. त्यापुढची त्यांची विकासवाडीची कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिन्ही एकाच आवारात. ताईने भावाला पाळणाघरात सोडायचे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचे. पुढे अंगणवाडी देशभर गेली, पण बरोबरचे पाळणाघर मागेच राहिले. त्याला बाई लागते, दिवसभर लागते, तिला पगार द्यावा लागतो. एवढे साधे कारण त्यामागे असावे असे मला वाटते.

इतरत्र हा विचार पुन्हा उगवलेला दिसतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे काम करणाऱ्या जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने आदिवासी गावांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी फुलवारी नावाची पाळणाघरे चालवली. गावातल्याच बाया मुलांना दिवसभर सांभाळतात आणि दिवसातून अनेकदा खाऊ घालतात. पुढे छत्तीसगड सरकारनेही सरगुजात फुलवारीचा कार्यक्रम घेतला. आपल्याकडे रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात तर ही सोय आधीच लिहिलेली होती. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका मजूर बाईला मुले सांभाळण्याचे काम द्यायचे आणि तिला तीच मजुरी द्यायची. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी देशाला दिली, तिथे बांधबंदिस्तीच्या कामावर असे पाळणे किती ठिकाणी बांधलेले दिसतात, हे कामावर जाणाऱ्या कोणाही बाईला विचारावे. मी विचारले त्यांतल्या बहुतेकींना अशी तरतूद आहे हेच ठाऊक नव्हते.

आमच्या बियाण्याच्या गटातल्या बायकांपुढे हा विषय निघाला तेव्हा त्यांनी फारशी चर्चा केली नाही. आवणीपुरते दोन म्हाताऱ्यांकडे मुले ठेवायची, प्रत्येक घराने नागलीचे पीठ आणि पळीभर तेल आणून द्यायचे, आणि त्या म्हाताऱ्यांच्या वाट्याची आवणी बाकीच्यांनी करायची, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. पहिल्या आठवड्यात एका म्हातारीने मुले दुसरीवर टाकून बकऱ्या वळायला जायचा परिपाठ ठेवला, त्यावरून तंटा झाला. मग बकऱ्यांची वेगळी सोय करावी लागली. मुलांची वजने किती वाढली याचा हिशेब मी मांडणार नाही, कारण एका पाड्यावरच्या एका हंगामाने काही सिद्ध होत नाही. एवढे मात्र दिसले, की आजीच्या ताटाभोवती बसलेली मुले एकमेकांचे पाहून खातात, आणि घरी चमचा उडवणारे पोर तिथे घट्ट पेजेची वाटी संपवते. तीन-चार थोरल्या मुली त्या दिवसांत शाळेत गेल्या, हा फायदा कोणी मोजायला घेतलेलाच नव्हता.

ही व्यवस्था दिवाळीनंतर मोडली. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात, माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको रात्री दोन-तीनला उठून गारा मळतात आणि हजारी, म्हणजे हजार विटांमागे ठरलेल्या दराने विटा पाडतात, आणि पोर बाजूला विटांच्या आडोशाला गोधडीत निजलेले असते. अंगणवाडीच्या वहीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असे लिहिले जाते आणि भट्टीजवळच्या गावच्या वहीत त्याचे नाव बहुधा चढत नाही. मे महिन्यात ते परत येते तेव्हा पावसाळ्यात कमावलेले वजन भट्टीवर ठेवून आलेले असते.

म्हणून गेल्या हंगामात गटातल्या दोघी आणि मी एका भट्टीच्या मालकाला जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या, चहा दिला. बाई पोरासाठी मधेच उठली की विटा कमी पडतात, हे त्याला सांगावे लागले नाही, ते तो रोज पाहत होता. पत्र्याची एक शेड त्याच्याकडे रिकामी होती, ती द्यायला तो तयार झाला, आणि पाण्याचा पिंपही. मुले सांभाळणाऱ्या बाईची मजुरी कोणी द्यायची, यावर मात्र बोलणे अडले. विटा न पाडणाऱ्या बाईला हजारी कशी लावायची, असे त्याचे म्हणणे होते. मुकादमाने मध्ये पडून ती प्रत्येक जोडीच्या उचलीतून कापून घ्यावी असे सुचवले, ते आमच्या बरोबरच्या दोघींनी ताडकन फेटाळले. या दिवाळीआधी पुन्हा जायचे ठरले आहे. या वेळी त्या भट्टीवर कामाला जाणाऱ्या जोड्यांनाच बरोबर घ्यायचे, आणि उचल घेण्याआधीच हे बोलून घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे आहे, कारण एकदा उचल हातात पडली की मालकाशी घासाघीस करायला जागा उरत नाही.